सोमवारी येणारा डावरा

केदार,

आज सोमवार. साबुदाणा भिजवताना माझा हात नेहमीसारखा जास्तीच्या वाटीकडे गेला, आणि मग लक्षात आलं. तरी घातलाच. आता पातेलंभर खिचडी ओट्यावर पडली आहे, सुनील ऑफिसला गेलाय आणि मी गॅससमोर उभी राहून तुला शिव्या घालते आहे. गधड्या, एवढी कसली घाई होती रे? तिशीसुद्धा गाठली नाहीस. सुतकात देवाला हात लावायचा नसतो, पण उपास करायचा नाही असं मला तरी कुणी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

पुण्याला आईला तुझ्याबद्दल पहिल्यांदा सांगताना केवढी पंचाईत झाली होती. "सुनीलच्या काकांचा मुलगा गं. काका तरुणपणी वाईहून इकडे नोकरीला आले, जपानी मुलीशी लग्न केलं, त्यांचा हा एकुलता एक. बेसबॉल खेळतो. पिचर आहे, म्हणजे आपला बोलर. त्याची नोकरीच ती." आई म्हणाली, "खेळतो ते कळलं गं. पण काम काय करतो?" तुला हे सांगितलं तर तू पोट धरून हसलास. म्हणालास, "वहिनी, आमचे कोचसुद्धा मला हेच विचारतात."

आम्ही टोकियोत ओजिमाला आलो ते दोन हजार एक साली. आमच्या त्या उंच सरकारी बिल्डिंगींमध्ये तेव्हा सारखं कुणी ना कुणी उतरत होतं, पुण्याचं नाहीतर हैदराबादचं. नवरे सकाळी ट्रेनमध्ये गडप व्हायचे, आणि आम्ही बायका कचऱ्याच्या पिशव्या धरून खाली उभ्या, आज जळणारा टाकायचा की न जळणारा. सुनीलचं ऑफिस थेट कावासाकीला. मी दिवसभर भिंतींशी बोलायची. तेव्हा काकांचा फोन आला, "सोमवारी केदारला सुट्टी असते. पाठवतो त्याला. सगळं दाखवील."

दार उघडलं तर चौकटीत मावेना असा एक पोरगा. डोळे काकूंचे, नाक मात्र थेट माझ्या सासऱ्यांचं. कमरेत वाकून नमस्कार केलास जपानी पद्धतीनं, आणि तोंडातून आलं, "वहिनी, आपली प्रकृती कशी आहे? प्रवास सुखाचा झाला ना?" मला हसू आवरेना. तुझं मराठी म्हणजे काकांनी विमानातून आणलेलं आणि तेव्हापासून तसंच घडी घालून ठेवलेलं. त्या दिवशी माझा उपास होता, घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून बशीत खिचडी दिली. तू ती चाटूनपुसून संपवलीस आणि म्हणालास, "फर्मास!" अरे, पुण्यात आता म्हाताऱ्यांशिवाय कोण म्हणतं फर्मास? पण झालं. बेसबॉलवाल्यांची सोमवारी सुट्टी आणि माझा सोमवारी उपास. पुढच्या सोमवारी तू परत आलास, त्याच्या पुढच्याही. सुनीलच्या ऑफिसातला जो कुणी पुण्याला जाईल त्याच्या बॅगेतून मी साबुदाणा मागवायला लागले.

कचऱ्याचे वार मला तू शिकवलेस. ट्रेन कुठे बदलायची ते तू शिकवलंस. कोनबिनीतल्या, म्हणजे त्या रात्रंदिवस उघड्या दुकानांतल्या, भाताच्या गोळ्यांपैकी कुठल्यात मासा आणि कुठल्यात लोणचं, ते पाकिटाच्या रंगावरून ओळखायला तू शिकवलंस, तरी एकदा मी मासा खाल्लाच, आणि तू काकूंना सांगितलंस आणि काकूंनी सगळ्या कावासाकीला.

चॉपस्टिकही तुझ्याकडूनच शिकले. काकांकडे कावासाकीला पहिल्यांदा जेवायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. काका आपले हातानं वरणभात कालवत होते. एवढी वर्षं जपानात काढून ह्या माणसानं कधी चॉपस्टिक धरली नाही, "देवानं हात दिलेत" म्हणायचे. मी मात्र जोशात. काकूंनी खास आमच्यासाठी कांदाभजी केली होती. मी एक भजं चॉपस्टिकनं कसंबसं उचललं आणि माझ्याच कौतुकात तुझ्यापुढे धरलं, "घे, घे लवकर!" तूही नकळत तुझ्या चॉपस्टिक पुढे केल्यास. काकूंच्या तोंडून असा आवाज निघाला की मला वाटलं काही जळलं. तू चटकन हात मागे घेतलास आणि भजं वरणात पडलं. नंतर गॅलरीत तू मला समजावलंस, एका चॉपस्टिकवरून दुसऱ्या चॉपस्टिकवर असं फक्त एकदाच देतात, माणसाला जाळल्यानंतर, घरची माणसं हाडं उचलतात तेव्हा. मी गार पडले. म्हटलं, "अरे देवा, मला काय माहीत!" तू म्हणालास, "काही नाही हो वहिनी. फक्त ह्याची प्रॅक्टिस करत नाहीत."

प्रॅक्टिस हा तुझा जीव की प्राण. बाकी सगळ्याची केलीस.

तुझ्या डाव्या हाताची गोष्ट मला कळली ती आमच्याकडच्या सत्यनारायणाला. तीर्थ द्यायला मी पळी पुढे केली, तू डावा हात पसरलास, आणि काकांनी फाटकन तुझ्या मनगटावर मारलं. वीस वर्षांचा घोडा, टीव्हीवर नाव येणारा, चार लोकांदेखत! तू निमूटपणे उजवा हात पुढे केलास. मग काकाच सगळ्यांना सांगत बसले, पोरगा जन्माचा डावरा, पण मी सोडलं नाही, जेवायला उजवा, लिहायला उजवा, देवापुढे उजवा. तू माझ्या कानाशी आलास. "टाकायला कुठला हात ते बाबांनी सांगितलंच नाही. त्यांना बेसबॉल येत नव्हता ना." म्हणून तो एक हात आपला आपण मोठा झाला.

आणि काय हात होता रे! तुझा खेळ बघायला मी पहिल्यांदा आले तेव्हा तू दुसऱ्या फळीच्या टीममध्ये होतास. दुपारची मॅच, बघायला रिटायर झालेले आजोबालोक डबे घेऊन बसलेले, आणि त्यांच्यात मी पंजाबी ड्रेसमध्ये, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कर्वेनगरच्या गल्लीत मी तीन भावांबरोबर क्रिकेट खेळलेली बाई आहे, बॉल हातातून सुटला की कळतं. तू पाय छातीपर्यंत उचललास आणि हात असा आला की शेजारच्या आजोबांनी चावायचं थांबवलं. मी टाळ्या वाजवून ओरडले, "शाब्बास रे केदार!" सगळे वळून बघायला लागले, कारण तुझ्या पाठीवर नाव होतं केन. मॅचनंतर मी तुझ्याशी भांडले, की हे टाकणं नाही, हे फेकणं आहे, कोपर वाकतंय, आमच्याकडे अंपायर नोबॉल देईल. तू म्हणालास, "वहिनी, वाकवायला नको होतं तर देवानं कोपर दिलं कशाला?" हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. मी अजूनही म्हणते, तू फेकायचास.

मुख्य टीममधून तुला बोलावणं आलं त्या संध्याकाळी काका टाय लावून आले होते. भल्यामोठ्या स्टेडियममध्ये मी, सुनील, काकू आणि काका, काकांच्या गळ्यात दुर्बीण. तुला मध्येच उतरवलं. पहिल्या दोघांना तू फुकट जागा दिलीस, चार-चार बॉल बाहेर टाकून, आणि तिसऱ्यानं तुझा बॉल मागच्या लोकांत पाठवला. होमरन. परत येताना गाडीत तू पुढे बसला होतास, आणि काका मागून म्हणाले, "डाव्या हाताला यश यायचं कसं!" ते रागानं म्हणाले नाहीत. हताश होऊन म्हणाले, आणि त्यांच्या पिढीची माणसं असंच बोलतात. तू खिडकीतून बाहेर बघत राहिलास. मला तेव्हा काकांना काहीतरी बोलायचं होतं, पण नवी सून मी, काय बोलणार?

नंतरही तुला अधूनमधून संधी मिळाली. एखादी मॅच छान, दोन फसलेल्या. काका पुण्याच्या नातेवाइकांना छान तेवढ्या कळवायचे.

मग तो शरद ऋतूतला सोमवार. तू खिचडी खात होतास, दुसऱ्यांदा घेतली होतीस. मोबाइल वाजला. तू उठून उभा राहिलास, 'हाय, हाय', म्हणजे हो, हो करत मान लववलीस, फोन ठेवलास आणि परत बसून जेवायला लागलास. मी विचारलं, काय रे? "उद्या ऑफिसात बोलावलंय. सूट घालून या म्हणाले." मी आपली पुण्याची! सूट घालून बोलावलं म्हणजे शाल-श्रीफळच की. म्हटलं, "अरे वा! सत्कार दिसतोय! थांब, पेढे नाहीत, साखर तरी देते हातावर." आणि दिली की मी साखर. तू उजवा हात पुढे केलास, खाल्लीस, आणि म्हणालास, "हो वहिनी, सत्कारच." मी तुझा शर्टसुद्धा इस्त्री करून दिला. संध्याकाळी सुनील आल्यावर त्याच्याकडून कळलं की सीझन संपताना खेळाडूला सूट घालून बोलावतात ते घरी पाठवण्यासाठी. त्या फोनची अख्खी टीम धास्ती घेऊन बसलेली असते. मी ढसाढसा रडले. तू मात्र दुसऱ्या दिवशी त्याच इस्त्रीच्या शर्टात गेलास, वाकून आभार मानलेस, आणि बाहेर आल्यावर पहिला फोन मला केलास. "वहिनी, शर्ट फर्मास होता. सगळ्यांनी बघितला."

पण त्यांनी तुला सोडलं नाही. नोकरी दिली, बॅटिंग पिचरची. तू आम्हाला समजावलंस, मॅचच्या आधी बॅटर सराव करतात, त्यांना बॉल टाकायचे. आऊट करायला नाही, मारता यावेत म्हणून टाकायचे. समोर लोखंडी जाळी, तिच्या आडून, जवळून, रोज, हात गळेस्तोवर. बॅटर म्हणेल त्या जागी, म्हणेल त्या वेगानं. काका ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे नेट बोलर." तू म्हणालास, हो बाबा, तसंच. काका उठले. "लोकांनी झोडपावं म्हणून टाकायचं? ह्याला नोकरी म्हणतात?" आणि आत गेले. त्यानंतर त्यांनी तुला खेळाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. पुण्याला सांगायचे, "टीममध्येच आहे तो." खोटं नव्हतं ते.

भांडले तर मीही होते. मला कुठे पटलं होतं? मी म्हणायची, अरे, एखादा तरी असा टाक की त्याची दांडी गुल झाली पाहिजे, कळू दे त्यांना. तू मान हलवायचास. "वहिनी, तो संध्याकाळी मॅचला जाणार. त्याचा हात आनंदात गेला पाहिजे." मी म्हणायची, "आणि तुझा हात?" ह्यावर तू फक्त खिचडी वाढून घ्यायचास.

त्या पहिल्याच उन्हाळ्यात तुझ्या हातून सगळ्यात मोठ्या बॅटरच्या बरगडीत बॉल बसला. तो बिचारा काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तुझा हात अडकला. बॉल सुटेचना. सुटला तर कुठेही जायचा. सोमवारी आलास तो चेहरा काळाठिक्कर, खिचडीला हात नाही. म्हणालास, "हे गेलं की मग काहीच नाही, वहिनी." तुला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला इतकी भीती वाटली की मी सरळ उठले, सुनीलची रविवारच्या क्रिकेटची बॅट काढली, टेनिसचा बॉल घेतला आणि म्हटलं, चल नदीवर.

आठवतं ना? नदीकाठचं गवत, कुत्री फिरवणाऱ्या बाया, आणि मी ओढणी कमरेला बांधून बॅट आपटत उभी. "टाक. लागला तर लागला. मी काही तुमची स्टार नाही." पहिला बॉल माझ्या डोक्यावरून गेला. दुसरा तुझ्याच पायाशी पडला. तू वळून चालायला लागलास. मी ओरडले, "काय रे, बायकांना घाबरतोस होय? परत ये मुकाट्यानं!" आलास. मी शिव्या देत राहिले, तू टाकत राहिलास, बॉल आणायला मीच पळत राहिले. उन्हं कलली तेव्हा एक बॉल आला, बरोबर माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, अलगद, ये म्हणून हाक मारल्यासारखा. मी फिरवली बॅट. बॉल थेट लव्हाळ्यांत. आणि तू दोन्ही हात वर करून नाचायला लागलास, "वहिनी, होमरन! होमरन!" केदार, स्टेडियममध्ये तुझ्या बॉलवर होमरन गेला होता तेव्हाचा तुझा चेहरा मी पाहिला होता. हा चेहरा वेगळाच होता. एवढा आनंद माणसाला दुसऱ्यानं मारल्याचा होतो, हे मला माहीतच नव्हतं.

परत येताना तू म्हणालास, "बाबा एकदा आले असते तर." मी थांबले. "मॅचच्या आधी नेटच्या मागे उभं राहता येतं. मी विचारून ठेवलंय." म्हटलं, मग सांग ना त्यांना. "तुम्ही सांगा. तुमचं ऐकतात." मी शब्द दिला, आणीन.

आणि मी सांगितलं रे. गणपतीत सांगितलं, दिवाळीत सांगितलं, काकूंनाही मध्ये घातलं. काका हो म्हणायचे. "जाऊ, जाऊ. पुढच्या सीझनला जाऊ." त्यांना यायचं नव्हतं असं मला नाही वाटत. आपला मुलगा मार खाताना बघावा लागेल, ह्याला ते भीत होते. मी म्हटलंसुद्धा, मार तो खात नाही काका, बॉल खातो. ते हसले नाहीत.

असे सीझनमागून सीझन गेले, आणि मग पोटाचं दुखणं निघालं. तुला वाटलं पाठ आहे, टाकून टाकून धरली असेल. तसाच टाकत राहिलास. इचिकावातल्या तुझ्या खोलीतून डॉक्टरांकडे गेलास तेव्हा त्यांनी सरळ दाखल करून घेतलं. मी सोमवारी हॉस्पिटलमध्ये यायला लागले. खिचडी चालत नव्हती, तरी मी डबा आणायचे. तू झाकण उघडून वास घ्यायचास आणि परत लावायचास. त्या वासावर तुझं पोट भरायचं म्हणे. घरी येऊन तो डबा मी ओट्याशी उभी राहून खायची.

आपलं शेवटचं भांडण तिथलंच. मी म्हटलं, बाबांना सांग, की त्यांनी यावं असं तुला वाटत होतं. त्यांच्या तोंडावर सांग. ते रोज इथे खुर्चीत बसतात, हवापाण्याच्या गप्पा मारता दोघं. तू डोळे मिटलेस. "त्यांना वाईट वाटेल." मी चिडले. वाटू दे की! तुला वाटलं नाही का इतकी वर्षं? तू म्हणालास, "मला नाही वाटलं, वहिनी. मी रोज टाकत होतो ना." मी रागानं डबा उचलून निघाले. दारातून वळून बघितलं तर तू हात हलवत होतास. डावा. सलाइन उजव्या हाताला होतं. त्याच्या पुढचा सोमवार आपल्याला मिळाला नाही.

रडायचं राहून गेलं होतं, ते आत्ता झालं. असो. पुढचं सांगते, कारण ते तू बघितलं नाहीस आणि ते तुला कळलंच पाहिजे.

जाळायच्या आदल्या संध्याकाळी तुझ्यापाशी सगळे जमले होते. टीमची माणसं ओळीनं आली, काळे सूट घालून. मला ते सूट बघवेनात. त्यात तोही आला, ज्याच्या बरगडीत तू बॉल घातला होतास तो. केवढा मोठा माणूस, बाहेर लोक त्याला बघायला थांबले होते. तो काकांसमोर गुडघ्यांवर बसला आणि वाकला तो उठेचना. म्हणाला, मॅचच्या आधीचे शेवटचे बॉल मी केन-सानकडूनच घ्यायचो. दुसऱ्या कुणाकडून घेतले की मला मॅचमध्ये काही दिसायचं नाही. काकांनी जपानीतच आभार मानले, अगदी व्यवस्थित. तो गेला. मग काकांनी तुझ्या फोटोकडे बघितलं, आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "म्हणजे... तो चांगला टाकायचा का गं?"

केदार, काय सांगू मी? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्यांनी, आणि विचारलं ते मला. तू तिथेच होतास, दोन हातांवर, आणि तुला ऐकू जात नव्हतं. मी म्हटलं, "हो काका. फार सुंदर टाकायचा. म्हणाल तिथे." ते मान हलवत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते झालं, ज्याची प्रॅक्टिस करत नाहीत. काकूंनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, दोघादोघांनी मिळून एक हाड उचलायचं, पायांपासून वर, म्हणजे माणूस कलशात उभा राहतो. सुनील काकूंबरोबर, मी काकांबरोबर. चॉपस्टिकसुद्धा मुद्दाम विजोड देतात रे, एक काडी बांबूची, एक दुसऱ्याच लाकडाची. पांढरे हातमोजे घातलेला तिथला माणूस हळू आवाजात सांगत होता, हे पाऊल, हा गुडघा. काकांच्या बोटांत त्या काड्या राहीनात. मी माझ्या चॉपस्टिकनं धरायची, ते नुसते टेकवायचे, आणि तरी एक तुकडा आमच्या हातून परत ताटात पडला. मला ते वरणात पडलेलं भजं आठवलं. तुला खरं सांगते, तिथे उभी राहून मला हसू आलं आणि त्याच्याच मागून असा हुंदका आला की सुनीलनं मला धरलं.

मग तो माणूस म्हणाला, हा डावा दंड.

काकांनी विचारलं, "डावा? नक्की?" तो हो म्हणाला. काकांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. मी काकूंकडे बघितलं. तिथे हाडांना हात लावायचा नसतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? एका भज्यावरून ओरडलेली बाई ती. त्या काही बोलल्या नाहीत. हातमोजेवाला माणूस एक पाऊल मागे सरकला. काकांनी आपल्या उजव्या हातानं, वाईला आपण अस्थी गोळा करतो तसं, ते हाड उचललं. अजून कोमट असणार. उचलून काका तसेच थांबले.

आणि मग त्यांनी ते डाव्या हातात घेतलं. देवापुढे डावा हात आणू न देणारे आपले काका, केदार. त्यांनी तुला डाव्या हातात घेतलं, आणि डाव्याच हातानं कलशात ठेवलं.